भोक पाडलेला कॅन आणि भोवतालच्या टाळ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विलेपार्ल्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री तरुण मुलांची पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींचे बोट रिकामे कॅन पोत्यात भरताना कापले. इमारतीतील प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे असल्यामुळे त्या रक्ताळलेल्या हाताने माझ्या दाराशी आल्या. जखम धुऊन पट्टी बांधल्यावर मी ते पोते उघडून पाहिले. त्यात बिअरचे नऊ कॅन होते आणि त्यांतील सहांच्या बाजूच्या पत्र्यात, बुडाजवळ, अंगठा शिरेल एवढे वेडेवाकडे भोक पाडलेले होते. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे त्या भोकाचे प्रयोजन मला लगेच उमगले. त्याचे नाव मात्र भाच्याकडून कळले. तो त्या रात्रीच्या यजमानांपैकी एक होता. मुले याला ‘शॉटगन मारणे’ म्हणतात. अमेरिकेतील कॉलेजच्या पार्ट्यांतून आलेला हा प्रकार आता मुंबईच्या गच्च्यांवर पोहोचला आहे, आणि त्याविषयी चार गोष्टी आपल्या वाचकांपुढे मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी वाण्याला तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना पाहिले आहे, त्यांना यातील युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, गटगट आवाज करत येते, कारण जेवढे तेल बाहेर पडेल तेवढी हवा त्याच भोकातून आत शिरायला धडपडत असते. म्हणून वाणी समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडतो आणि मग धार सलग लागते. कॅनचेही तसेच आहे. तो आडवा धरून बाजूला चावीने किंवा सुरीने भोक पाडायचे, त्याला तोंड लावून कॅन उभा करायचा आणि वरची कडी ओढायची. वरून हवा आत शिरते, खालून बिअर घशात जाते. कॅनमधील द्रवाची उंची आणि भोकाचा आकार धरून मी कागदावर हिशेब केला, तर ५०० मिलिलिटर बिअर पाच-सहा सेकंदांत आपोआप रिकामी होते असे उत्तर आले. यात पिणाऱ्याचे कर्तृत्व एवढेच, की त्याने घसा उघडा ठेवला आणि श्वास रोखला. बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते. ज्या गोष्टीसाठी टाळ्या पडतात ती तेलाचा डबाही करतो, आणि त्याच्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वेगाने पिण्याचे कौतुक जगात नवे नाही, हे मला मान्य आहे. ऑस्ट्रेलियाचे पुढे पंतप्रधान झालेले बॉब हॉक यांनी १९५०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना अडीच पाइंट, म्हणजे सुमारे १.४ लिटर बिअर ११ सेकंदांत संपवली होती, आणि त्या पराक्रमाची आठवण त्यांचे मतदार राजकारणातही काढत असत. १९७७मध्ये एका अमेरिकन तरुणाने एक लिटर बिअर १.३ सेकंदांत पिऊन गिनेसच्या पुस्तकात नाव नोंदवले. मात्र पुढे त्याच गिनेसने मद्य झटपट पिण्याच्या विक्रमांची नोंद घेणे बंद केले. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने पहिल्या दोन गोष्टी अत्यंत उत्साहाने ऐकल्या आणि तिसरीच्या वेळी त्याला फोन आला.

मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो त्या कॅनवर छापलेल्या आकड्यात आहे. पोत्यातील कॅन ‘स्ट्राँग’ बिअरचे, ५०० मिलिलिटरचे होते आणि त्यांवर मद्यार्काचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असल्याचे नोंदवलेले होते. म्हणजे एका कॅनमध्ये ४० मिलिलिटर, वजनाने सुमारे ३२ ग्रॅम मद्यार्क. निरोगी माणसाचे यकृत ताशी साधारण सात ते दहा ग्रॅमच मद्यार्क निकाली काढू शकते, त्यामुळे पाच सेकंदांत पोटात गेलेल्या त्या एका कॅनचा हिशेब चुकता करायला त्याला तीन ते साडेचार तास लागतात. ‘बिअर म्हणजे काय, सरबतच’ असे म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा. शिवाय अर्ध्या लिटर बिअरमध्ये लिटरभराहून अधिक वायू विरघळलेला असतो. तो एकदम पोटात सुटला की पोट फुगते आणि उलटीची शक्यता वाढते. ठसका लागून बिअर श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.

पिण्याचा वेग वाढवता येतो, पण चढण्याचा वेग त्याच्याबरोबर जागेवर वाढत नाही. मद्यार्क मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि रक्तातील त्याचे प्रमाण शिगेला पोहोचायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतचा काळ जातो. चकण्यासोबत, गप्पा मारत तासाभरात एक बाटली संपवणाऱ्याला मधल्या काळात शरीर काही इशारे देत राहते आणि तो हात आखडता घेऊ शकतो. शॉटगन मारणाऱ्याला ही सोय नसते. कॅन संपतो तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर असतो, ‘मला काहीच झाले नाही’ असे खरेपणाने सांगतो, आणि म्हणूनच दुसरा कॅन हातात घेतो.

त्या रात्री नेमके हेच घडले. भाच्याच्या मित्रांपैकी एक जण, वय २२, अंगाने किरकोळ, ऑफिसमधून थेट आलेला आणि दुपारनंतर काहीही न खाल्लेला, पैजेवर दहा मिनिटांत दोन कॅन प्यायला. पुढची पंधरा-वीस मिनिटे तो सर्वांना हसवत होता. ‘मी एकदम ओके आहे’ असे म्हणत त्याने घाटकोपरला जाण्यासाठी बाइकची चावी हातात घेतली होती. आमच्या वॉचमनने फाटक उघडायला नकार दिला म्हणून तो परत वर आला. आणखी अर्ध्या तासाने त्याला उभे राहता येईना. गच्चीवर उताणा झोपलेला असताना त्याला उलटी झाली, आणि मुलांमधील एका मुलीला सुचले म्हणून तिने त्याला तत्काळ कुशीवर वळवले. इतर मुले त्या वेळी लिंबू शोधत होती. लिंबू, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. मीही वर्गात कधी सांगितले नाही.

त्याला फाटक उघडून दिले असते तर काय झाले असते याचाही विचार व्हावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साठ किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी असा एकच स्ट्राँग कॅन झटकन घेतला, तरी हे प्रमाण ७० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते; स्त्रियांच्या बाबतीत, त्याच वजनाला, ते आणखी वाढते. म्हणजे महामार्गावरील नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनालायझरसमोर तो एका कॅननेही सापडला असता, आणि नाकाबंदी नसती तर त्याहून वाईट झाले असते.

मी दारूबंदीची पुरस्कर्ती नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या माझ्या पिढीने मुंबईत बंदीचे काय होते ते पुरेसे पाहिले आहे. (मद्य पिण्याचा परवाना आजही कागदोपत्री ‘आरोग्याच्या रक्षणासाठी’ दिला जातो, यावर वेगळे पत्र लिहिता येईल.) महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि गच्चीवरील सर्व मुले त्यापुढची होती. त्यांनी बिअर प्यावी की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. माझा आक्षेप पैजेला, घड्याळ लावण्याला आणि भोवती उभे राहून ‘एका दमात, एका दमात’ असे ओरडण्याला आहे. ओरडणारे त्या वेळी शुद्धीवर असतात. पिणाऱ्यापेक्षा त्यांची जबाबदारी मला अधिक वाटते.

रविवारच्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत काही सभासदांनी गच्चीला कायमचे कुलूप लावण्याची सूचना मांडली. मी तिला विरोध केला, कारण गच्ची बंद झाली तर हीच पैज एखाद्या बंद गाडीत किंवा किनाऱ्यावरच्या काळोखात लागेल, आणि तेथे फाटक अडवायला वॉचमन नसेल. त्याऐवजी असे ठरले, की ज्या घराच्या नावावर गच्ची दिली जाईल त्या घरातील एका माणसाने त्या रात्री पिऊ नये, येणाऱ्यांच्या वाहनांच्या चाव्या त्याच्याकडे असाव्यात, जेवण पहिल्या कॅनच्या आधी वाढावे, आणि कोणी हाका मारूनही जागे होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, तर त्याला कुशीवर ठेवून, क्षणभरही एकटे न सोडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे वाक्य कोणी उच्चारू नये, कारण पोटात शिल्लक असलेला मद्यार्क माणूस झोपल्यावरही रक्तात उतरत राहतो. इतर सोसायट्यांना यातील काही उपयोगी वाटल्यास त्यांनी जरूर घ्यावे.

मावशींना धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन आणले आहे. त्याचे पैसे आणि त्यांची तीन दिवसांची मजुरी मुलांनी वर्गणी काढून दिली. फाटलेले कॅन यापुढे कागदात गुंडाळून वेगळे ठेवण्याचे भाच्याने कबूल केले आहे. शॉटगन न मारण्याचे त्याने अद्याप कबूल केलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
विलेपार्ले (पूर्व), मुंबई