अंतू बर्व्याला माफी, मग भाईंना का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेखकांच्या संसारावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख झकास आहे पण मुद्दा काही पटला नाही. लेखक घरात कसा वागायचा हे कळलं की त्याच्या पुस्तकातली माणसंपण मनातून उतरतात असं लेखिकेचं म्हणणं. आमच्या सांगलीत वाचनालयाच्या काउंटरवरही हेच कानावर येतं, पुलंच्या पत्नी सुनीताबाईंचं आत्मकथन 'आहे मनोहर तरी' वाचलं आणि पुलं डोक्यातनं उतरले म्हणे. अहो ते पुस्तक १९९० ला आलं, पुलं तेव्हा हयात होते, त्यांच्या डोळ्यांदेखत ते गाजलं, आणि आपण अजून त्यांच्या वतीनं रुसून बसलोय.

मला तर वाटतं सुनीताबाईंनी लिहिलेला भाई (म्हणजे घरातले पुलं), म्हणजे स्वतःच्याच नादात असलेला, घरच्या व्यवहाराशी देणंघेणं नसलेला, बायकोला गृहीत धरणारा, ही पुलंनी स्वतः न लिहिलेली वल्लीच आहे. नाव दुसरं असतं तर आपण त्याचे किस्से एकमेकांना ऐकवत बसलो असतो. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा शेजारी राहायला आला तर त्याच्या जिभेपायी आपण दाराला कडी लावू, पण पुस्तकात तो लाडका. आपल्या आटपाडीकडच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतला कारभारी घ्या, पोरीच्या, अंजीच्या चोळीवरनं मास्तरवर उगाच संशय घेतो, अबोला धरतो, तरी शेवटी आपल्याला वाईट कारभाऱ्याचंच वाटतं. पात्राला आपण सगळं माफ करतो, लेखकाकडं मात्र कॅरेक्टर सर्टिफिकेट मागतो!

लेखात लक्ष्मीबाई टिळकांचं नावच नाही याचं तर मला आश्चर्यच वाटलं. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड टिळक रागाच्या भरात घर सोडून जायचे, हातातला पैसा कुणालाही देऊन टाकायचे, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते बायकोला मागाहून कळलं. केवढा घाव तो, नंतर काही वर्षं ती बाई वेगळी राहिली. आणि लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना आपल्याला टिळकांचा राग येतो, हसू येतं, आणि पुस्तक संपेस्तोवर तेच सगळ्यात जास्त आवडायला लागलेले असतात. टिळकांच्या कविता आज किती जण वाचतात कुणास ठाऊक, पण लक्ष्मीबाईंनी उभे केलेले टिळक अजून जिवंत आहेत (माझ्या मते मराठीतलं ते सगळ्यात भारी पुरुषपात्र, कुणाला भांडायचं असेल तर भांडा).

आता सगळंच हसण्यावारी नेता येत नाही हे मान्य. इंग्रज कादंबरीकार डिकन्सनं दहा पोरं झाल्यावर १८५८ मध्ये बायकोला, कॅथरिनला घराबाहेर काढलं आणि वर आपल्याच साप्ताहिकात खुलासा छापला, याचा मलापण संताप येतो. पण तिथं फरक असा की कॅथरिनच्या हातात पेन नव्हतं. नवऱ्याची जुनी पत्रं तिनं जपून ठेवली आणि मरताना मुलीकडं दिली, ब्रिटिश म्युझियममध्ये ठेव म्हणून, कधीकाळी त्याचं आपल्यावर प्रेम होतं हे लोकांना कळावं म्हणून. तिनं लिहिलं असतं तर डिकन्स कसा दिसला असता, हे वाचायला मला त्याच्या कादंबरीपेक्षा जास्त आवडलं असतं.

म्हणून विनंती एवढीच की पुढचा लेख लेखकांच्या बायकांनी काय लिहिलं यावर येऊ द्या, आणि 'बदनामी' हा शब्द हेडिंगमध्ये नको.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली