लहान होड्यांना ट्रकची बॅटरी पुरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी संपत आली की कोकणातल्या बंदरांवर जाळी, दोर आणि इंजिनाच्या सुट्या भागांबरोबर बॅटऱ्यांचीही खरेदी होते. होड्यांच्या विजेच्या दुरुस्तीचे काम करताना मला वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसत आली आहे: रात्रभर दिवे, वायरलेस संच, जीपीएस आणि पाणी उपसण्याचा पंप ज्या बॅटरीवर चालवायचा, ती बहुतेक फायबर होड्यांवर ट्रकची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी असते. ती सहज मिळते, स्वस्त असते आणि पहिल्या काही महिन्यांत तक्रारीला जागाही देत नाही. हंगाम अर्ध्यावर आला की मात्र ती चार्ज धरेनाशी होते आणि दोष दुकानदाराला किंवा कंपनीला दिला जातो. खरा दोष निवडीचा असतो, म्हणून हे पत्र.

वाहनाची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी घडवलेली असते. काही सेकंद शेकडो अँपिअर देता यावेत म्हणून तिच्यात पातळ प्लेटा मोठ्या संख्येने बसवतात, आणि इंजिन सुरू होताच अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) ती लगेच भरून काढील असे गृहीत धरलेले असते. अशा बॅटरीतून रोज रात्री थोडा थोडा प्रवाह आठ-दहा तास घेत राहिले आणि ती अर्ध्याहून अधिक उतरू दिली, तर प्लेटांवरचा शिशाचा लेप सैल होऊन तळाशी साचतो. डीप सायकल, म्हणजे रोज खोलवर उतरवून पुन्हा भरण्यासाठी केलेल्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. आपल्याकडे इन्व्हर्टर आणि सोलरसाठी मिळणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत तर धन प्लेटेचा लेप नळ्यांच्या आवरणात धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो गळून पडत नाही. ई-रिक्षाची बॅटरीही रोज खोलवर उतरण्यासाठीच केलेली असते. हाच पैसा खर्च करायचा असेल, तर ट्रकच्या बॅटरीपेक्षा ती कितीतरी बरी.

बॅटरी किती मोठी घ्यावी, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. दोन एलईडी दिवे, मार्गदर्शक दिवे, ऐकण्याच्या स्थितीत सतत चालू असलेला व्हीएचएफ (वायरलेस) संच, जीपीएस आणि मासे शोधणारा फिशफाइंडर मिळून लहान होडीवर साधारण 40 वॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर सव्वातीन ते साडेतीन अँपिअर. दहा तासांच्या रात्रीत हे 35 अँपिअर-तासांच्या आसपास जाते, आणि व्हीएचएफवर बोलताना 25 वॉटचा संच पाच-सहा अँपिअर ओढतो तो वेगळा. बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही हा नियम पाळला तर 80 ते 100 अँपिअर-तासांची बॅटरी लागते. लेबलवरचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी सी-20 लिहिले आहे की सी-10, हेही पाहावे. सी-20 प्रमाणे 100 म्हणजे 5 अँपिअर 20 तास, आणि सी-10 प्रमाणे 100 म्हणजे 10 अँपिअर 10 तास. तोच आकडा असला तरी दुसरी बॅटरी प्रत्यक्षात मोठी असते. लेबलवर फक्त सीसीए (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी किती प्रवाह देते तो) हा आकडा ठळक असेल तर ती इंजिन सुरू करण्याची बॅटरी आहे असे समजावे.

ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी की सीलबंद, यावर बंदरावर नेहमी वाद होतो. माझे मत असे आहे की उघड्या फायबर होडीला, जिथे लाटेबरोबर सगळेच हेलकावते, सीलबंद एजीएम डीप सायकल बॅटरी योग्य, कारण तिच्यातले ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेले असते आणि ते सांडत नाही. परंतु तिला चार्जिंगची शिस्त हवी. जास्त व्होल्टेजने चार्ज केल्यास तिच्यातले पाणी उडते आणि ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून ती घेणाऱ्याने व्होल्टेजवर नियंत्रण ठेवणारा चार्जर किंवा सोलर कंट्रोलर घेतलाच पाहिजे. केबिन असलेल्या, डिझेल इंजिनाच्या होडीवर पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी चांगली टिकते. मात्र तिची उंच जात टाळून बुटकी घ्यावी, आणि ती खोक्यात पट्ट्याने घट्ट आवळावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला खूप हलकी असते आणि हजारो वेळा उतरवून भरता येते, पण ती जुन्या अल्टरनेटरला सरळ जोडू नये आणि बीएमएस (सेलांना जास्त चार्ज होण्यापासून आणि जास्त उतरण्यापासून वाचवणारे सर्किट) नसलेली, सुटे सेल जुळवून केलेली बॅटरी तर घेऊच नये.

सेल्फने सुरू होणारे इंजिन असेल तर त्याची बॅटरी वेगळी ठेवावी आणि दिवे-वायरलेसची वेगळी, म्हणजे रात्रीच्या दिव्यांनी पहाटेचे इंजिन अडत नाही. बॅटरी होडीच्या तळाशी, पाणी साचते तिथे कधीही ठेवू नये. समुद्राचे पाणी बॅटरीत शिरून ॲसिडमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांवर गेला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून बॅटरीचा कप्पा बंदिस्त नसावा आणि त्याजवळ विडी पेटवू नये. फ्यूज धन टोकाच्या अगदी जवळ असावा. वायरीबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. घरगुती पातळ वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, आणि मग व्हीएचएफवर दुसऱ्याचे बोलणे ऐकू येते, पण आपण बोलायला बटण दाबताच व्होल्टेज कोसळून आवाज पलीकडे पोहोचत नाही. संच बिघडला असे वाटते. बिघडलेली असते ती वायर. जाड, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर महाग असली तरी ती वापरावी.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत किनाऱ्याशी संदेशांची देवाणघेवाण करणारा संच) बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला, आणि 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून 1 लाख नौकांवर ते बसवण्याचे ठरले. संकटात किनाऱ्याशी संपर्क राहावा हा त्यामागचा हेतू स्तुत्य आहे. पण या संचाबरोबरचे ॲप मोबाइलवर चालते, मोबाइल होडीवरच चार्ज होतो, आणि दिवे, व्हीएचएफ, पंप हे सगळे त्याच एका बॅटरीवर असते. उपकरणांवर खर्च करणाऱ्या योजनेत बॅटरी आणि वायरींचा विचार मात्र कुठे दिसत नाही.

निगा राखणे अवघड नाही. पाण्याच्या बॅटरीत दर पंधरवड्याला पातळी पाहावी, फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि तेही चार्ज पूर्ण झाल्यावर; प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढेच आधी घालावे. वरून ॲसिड कधीही ओतू नये. काही तास विसावलेली बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या साधनाने) सहाही सेल तपासून एखाद्या सेलचा आकडा इतरांहून 0.050 इतका खाली आला असेल, तर तो सेल खराब होत आहे असे समजावे. बॅटरीच्या माथ्यावर मिठाचा ओलसर थर बसला की दोन टोकांमधून प्रवाह झिरपत राहतो. हा माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणे घट्ट लावून पुसावा आणि टोकांना पेट्रोलियम जेली लावावी.

सर्वाधिक बॅटऱ्या मरतात त्या पावसाळ्यात, झापांनी शाकारलेल्या होडीतच राहिल्यामुळे. त्या काढून, धुऊन, पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा भराव्यात. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते ही समजूत आजच्या प्लास्टिकच्या खोक्यांना लागू नाही, पण आपोआप उतरणे कोणत्याही बॅटरीला चुकत नाही.

हे प्रत्येक नाखवाने घरी करावे अशी अपेक्षा ठेवणे वास्तवाला धरून नाही. बंदरोबंदरीच्या मच्छीमार सहकारी संस्था सभासदांना डिझेल पुरवतात. त्यांनीच डिझेलच्या खिडकीशेजारी एक चार्जिंगचे टेबल, चांगला चार्जर, हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटर ठेवावे आणि बंदीच्या दोन महिन्यांत सभासदांच्या बॅटऱ्या माफक दराने सांभाळाव्यात. एकत्र खरेदी केल्यास योग्य बॅटरी वाजवी किमतीत मिळेल, सागरी वापर हमीत बसतो की नाही हे लेखी घेता येईल, आणि निकामी बॅटऱ्या 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार परत देता येतील. आज त्यांतले ॲसिड पुळणीवर ओतले जाते, ते थांबेल. मत्स्यव्यवसाय विभागाने ट्रान्सपाँडरच्या प्रशिक्षणातच यासाठी एक तास राखून ठेवावा, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला,
होड्यांच्या विजेची दुरुस्ती करणारा एक वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी