अण्णा, रात्रीचा टीव्ही बंद करा

पुणे, 8 जून 2025

ती. अण्णा व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर अण्णा म्हणाले, "आता पाकिस्तानशी मोठं युद्ध होतंयच बघ." मागं टीव्ही ओरडत होता, म्हणून मी पुढं बोलले नाही. आई, तू फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतीस आणि फौजेतल्या दादाचा फोन आला नाही की भाकर तव्यावर करपती, हे वहिनीनं सांगितलंय मला.

अण्णा, मला वाटतं ते सांगते. 65 किंवा 71 सारखं, रणगाडे घालून मुलूख घ्यायचं युद्ध आता अवघड दिसतं. 1998 ला दोघांनीही अणुचाचण्या केल्या, तेव्हापासून दोघंही एका हद्दीला येऊन हात आखडतात. कारगिलला आपल्या विमानांना ताबारेषा ओलांडायची परवानगी नव्हती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज दहा महिने सीमेवर उभी होती. 2002 च्या ऑक्टोबरात मागं फिरवली. आणि दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, तिथं हल्ला करायचा नाही म्हणून. 1992 पासून ते एकदाही चुकलं नाही. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ विहिरीची पाळी तेवढी पाळतात ना, तसंच.

पण खरी पाण्याची पाळी मात्र मोडलीय. 1960 चा सिंधू करार तीन युद्धांत टिकला, पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यानंतर आपण तो थांबवला. सामाईक विहिरीची पाळी मोडली की पुढं काय होतं, ते तुम्हीच मला सांगाल.

म्हणून काहीच होणार नाही असं मी म्हणत नाही. अतिरेक्यांच्या तळांवर आपला मारा 2016 ला ताबारेषेच्या पलीकडं जरासा, 2019 ला बालाकोट, यंदा बहावलपूर आणि मुरीदके, म्हणजे पार त्यांच्या पंजाबात. दर खेपेला एक पायरी वर. त्याची मलाही धास्ती वाटते. तरी 7 मेला सुरू झालेलं 10 मेला थांबलं. त्यांच्या अधिकाऱ्यानं दुपारी 3:35 ला आपल्या अधिकाऱ्याला फोन केला आणि 5 पासून गोळीबार बंद ठरला. त्याच्या दोन रात्री आधी तुमच्या टीव्हीनं कराची बंदर उडवून टाकलं होतं, आणि अण्णा, तुम्ही पेढे आणायला निघाला होतात!

आजी नळदुर्गाकडची. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं हैदराबाद संस्थान घ्यायला सोलापूरकडून आपली फौज आली तेव्हा त्या पोरीबाळी ज्वारीत लपल्या होत्या. पोलीस अ‍ॅक्शन पाच दिवसांत संपली. पण आजी म्हातारपणीसुद्धा ट्रॅक्टर घरघरला की दाराला कडी लावायची. आई, तुझं तसं व्हायला नको, म्हणून एवढं लिहिलं.

दादाशी परवा बोलणं झालं. चार मिनिटं. त्यातली दोन तो बैलाच्या खुराबद्दलच विचारत होता. सुट्टी अर्धी टाकून जावं लागलं, ती पोळ्याला मिळेल म्हणतो. तो फोन करील तेव्हा करील; तिकडं रेंज नसती, त्याचा दुसरा अर्थ काढू नका.

मेच्या पावसानं मशागत राहिली, तरी पेरणीची घाई नको. घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या खाली उगवले तर मला कळवा, बियाण्याचे पैसे पाठवते.

तुमची,
माई