परदेशातील आपत्तीत चर्चनी कपडे नव्हे, पैसे पाठवावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारच्या देशात भूकंप झाला किंवा वादळ आले की पुढच्याच रविवारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक चर्चमध्ये उपासनेनंतर घोषणा होते : जुने कपडे, चादरी, भांडी आणून द्या. 2025 च्या मार्चमध्ये म्यानमारला भूकंप झाला, नोव्हेंबरात ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेत दरडी कोसळल्या, पूर आले, शेकडो माणसे गेली. अशा वेळी आपल्या लोकांचा हात आखडत नाही, याचा मला अभिमान आहे. पण गठ्ठे बांधण्याची ही पद्धत आता सोडून द्यावी, असे कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

2015 चे नेपाळ आठवा. 25 एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. तो शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे तिथल्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे सभासद, उपासनेला शनिवारीच जमतात. आपण रविवारी जसे बसतो तशी माणसे बाकांवर, सतरंज्यांवर बसलेली असताना छपरे खाली आली. देशभरात सुमारे नऊ हजार माणसे मेली, पाच लाखांहून जास्त घरे जमीनदोस्त झाली. मदत जगभरातून निघाली; पण काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. जड विमाने उतरून ती उखडू लागली, तेव्हा मे महिन्यात मोठ्या विमानांना तिथे उतरायला बंदी घालावी लागली. अशा ठिकाणी जागा औषधांना, ताडपत्र्यांना, डॉक्टरांना मिळायला हवी. आपल्या कपाटातून निघालेल्या साड्या आणि स्वेटर त्या रांगेत घुसवणे म्हणजे दुसऱ्याचा रस्ता अडवणे. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून सडले, ते तर आपल्याच देशातले.

पैशाचे तसे नाही. तो तिथल्याच बाजारात खर्च होतो, तिथल्या दुकानदाराचे दुकान पुन्हा उघडते आणि काय हवे ते तिथली माणसे ठरवतात. आपण 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेचा पूर भोगला आहे. चिकोडी, अथणी, गोकाक, रामदुर्गच्या माणसाला कोणी विचारले असते, तर त्याने जनावरांसाठी वैरण आणि पडलेल्या भिंतीसाठी चार पैसे मागितले असते.

हा पैसा कोणाकडे द्यायचा? तिथे आधीपासून काम करणाऱ्यांकडे. कॅथलिक मंडळींसाठी ‘कारितास’ या कॅथलिक मदतसंस्थांचे जाळे आहे, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार अशा देशांत त्यांच्या स्थानिक शाखा आहेत, आणि त्या संकट येण्याआधीही तिथेच होत्या. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी आपापल्या डायोसिस किंवा कॉन्फरन्समार्फत, म्हणजे अनेक चर्च जिच्याखाली येतात त्या वरच्या संस्थेमार्फत, तिथल्या चर्चशी संपर्क साधावा. एक सावधगिरी मात्र हवी. धर्मादाय ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करायचा, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, नाहीतर त्या रकमेवरची करसवलत जाते. व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून पाठवण्याचे नियम वेगळे आहेत. खजिनदाराने ट्रस्टचे ऑडिट करणाऱ्या सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये. भावनेच्या भरात ओळखीच्या कुणाच्या खात्यात टाकलेल्या रकमेचा पुढे पत्ता लागत नाही.

हिशेबाविषयी बोलले की काहींना वाटते, हा आपल्यावर अविश्वास आहे. त्यांनी बायबल उघडून पाहावे. यहूदियात, म्हणजे यरुशलेमच्या भागात, दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती तिथल्या वडीलवर्गाकडे, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांकडे, पाठवली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात आहे. वाटप कसे करायचे, हे अंत्युखियात बसून कोणी ठरवले नाही. पुढे यरुशलेमसाठी पैसे गोळा करताना पौलाने, म्हणजे याच शौलाने, मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवायला नको होते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने ते स्वतःच सांगितले आहे. मग आपल्या चर्चच्या फलकावर किती जमले, कोणत्या तारखेला कोणाला पाठवले आणि पोच कुठे आहे, हे लिहायला संकोच कसला?

मदतीत जातधर्म पाहू नये, हे आपण तोंडाने म्हणतो. 1994 साली रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून जी आचारसंहिता केली, तिच्यात मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि धार्मिक वा राजकीय मत पसरवायला तिचा वापर करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. ती तयार करणाऱ्यांत कारितास होती, जागतिक चर्च परिषद होती, लुथरन संघ होता. म्हणजे हा नियम आपल्यावर बाहेरून लादलेला नाही. ताडपत्रीबरोबर पत्रक देणे भुकेल्या माणसाचा अपमान आहे, असे मी मानतो, आणि हे प्रत्येक मंडळीने ठरावात लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट इथे, आपल्या गावातच करता येण्यासारखी आहे. बेळगावात रात्रपाळीचा पहारा देणारे, हॉटेलांत आणि चायनीजच्या गाड्यांवर राबणारे नेपाळी तरुण आपण रोज पाहतो. तिकडे डोंगर खचतो तेव्हा त्यातला एखादा इथे फोन लागेल म्हणून रात्र काढत असतो. महिला मंडळाने आणि तरुण संघाने त्यांना शोधून काढावे. गोरखपूरपर्यंतचे तिकीट, मालकाशी रजेसाठी बोलणे, परत येईपर्यंत खोलीचे भाडे, एवढे एका मंडळीला सहज पेलते. तो आपल्या चर्चला येतो की देवळात जातो, हे विचारायचे कारण नाही.

सगळ्यात जास्त आपण कमी पडतो ते पुढच्या काळात. बातम्या थांबतात, दानपेटी उचलली जाते. घर मात्र तेव्हा कुठे बांधायला सुरुवात होते. नेपाळात घरबांधणीचे सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने मिळत गेले, भूकंप सोसतील अशी घरे बांधायला गवंड्यांना शिकवावे लागले आणि यात वर्षे गेली. म्हणून माझी सूचना अशी : जमलेल्या रकमेतला अर्धा भाग लगेच पाठवावा आणि उरलेला एक वर्षाने, तिथल्या चर्चला विचारून, शाळेच्या छपरासाठी किंवा गवंड्यांच्या प्रशिक्षणासाठी. कापणीच्या सणात तांदूळ, केळी, कोंबड्यांचा जो लिलाव होतो, त्यातला ठरावीक हिस्सा दरवर्षी या कामासाठी बाजूला काढला, तर संकट आल्यावर धावाधाव करावी लागणार नाही. येत्या वार्षिक सभेत सीमाभागातल्या मंडळ्यांनी यावर चर्चा करावी. मराठी, कोंकणी आणि कन्नड उपासना वेगवेगळ्या असल्या तरी हा निधी एकच ठेवावा.

आपला,
एक वाचक, कॅम्प, बेळगाव