पाऊणकीचे वेळापत्रक

गुहागर,
कार्तिक शुद्ध अष्टमी

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा सरावाचा तक्ता मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचे कारण समुद्र आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, मोकळी असते, तेव्हा मी घरात सापडत नाही, आणि दिवसा दुकान असते. आज अष्टमी आहे. पहाटे सहाला भरती, त्यातही भांगाचे दिवस, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. धावायला जी घट्ट ओली वाळू लागते तिची पट्टी अशा दिवशी जेमतेम हातभर उरते. तेव्हा सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या कातळाच्या माळावर, तासभर धावून आलो, पेज प्यायलो आणि लिहायला बसलो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला तू नाव नोंदवलेस आणि त्यानंतर पावसाळ्याआधी सह्याद्रीतली पन्नास किलोमीटरची डोंगरवाटेची शर्यतही करायची म्हणतोस, याचा मला आनंद झाला. तक्ता पाहून मात्र काळजी वाटली. त्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार अशा चारही दिवशी तू जो वेग लिहिला आहेस तो जवळजवळ सारखाच आहे, आणि तो तुला शर्यतीत गाठायचा आहे तोच वेग आहे. माझ्या मते हा तक्ता तू फाडून टाकावास. रागावू नकोस, हीच चूक मी दोन वर्षे केली आणि तिची किंमत मोजली, म्हणून हक्काने लिहितो आहे.

तुला आठवते का, चौथीत गुरुजी आपल्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून घेत असत? एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तू नेहमी सात पाऊण सव्वापाचशी अडखळायचास आणि बाकावर उभा राहायचास. त्या पाऊणकीचा उपयोग मला कळायला चाळिशी उलटावी लागली. इथल्या खारव्यांचा, म्हणजे समुद्रावर मासेमारी करणाऱ्यांचा, हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, कारण भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आज आठ पाऊण सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास उधाणाची भरती, आणि तिच्या सहा तास आधी, भल्या पहाटे, पूर्ण ओहोटी. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून ओहोटी सकाळी सातच्या पुढे. हिशेब मिनिटाबरहुकूम जुळत नाही, पण धावणाऱ्याला तेवढा पुरतो.

गुहागरची पुळण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सहा किलोमीटर आहे. उधाणाच्या ओहोटीला ती इतकी रुंद आणि घट्ट होते की पावलाचा ठसाही नीट उमटत नाही. त्यामुळे माझा सराव आठवड्याच्या वारांवर न चालता पंधरवड्यावर चालतो. पौर्णिमा आणि अमावास्या, आणि त्यांच्या पुढचे तीन-चार दिवस, मी पुळणीवर लांबचे सपाट धावणे करतो. षष्ठी-सप्तमीपासून पाणी पहाटे वर यायला लागले की सड्यावर आणि घाटीत जातो, चढ-उतार करतो. दशमी-एकादशीला विश्रांती, किंवा फार तर चालणे. हे मी ठरवून केले असे सांगितले तर खोटे होईल. समुद्राने जागा दिली नाही म्हणून तसे करावे लागले, आणि वर्षभराने लक्षात आले की कठीण दिवसांनंतर हलके दिवस आपोआपच येत आहेत. तुझ्या पुण्यात समुद्र नाही, तेव्हा हे वेळापत्रक तुला जसेच्या तसे उपयोगी नाही. पण सारखे तेच अंतर त्याच रस्त्यावर त्याच वेगाने धावायचे नाही, एवढे त्यातून घे.

पाऊणकीचा दुसरा उपयोग वेगासाठी. हलके धावणे किती हलके असावे, असे तू विचारले आहेस. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू नकोस. धावताना मोठ्याने पाऊणकी म्हण. एका श्वासात दोन-तीन ओळी सहज निघाल्या तर वेग बरोबर आहे. ‘पाच पाऊण’ म्हटल्यावर ‘पावणेचार’च्या आधी श्वास घ्यावा लागला, तर तू जोरात धावतो आहेस. आठवड्यातले बहुतेक धावणे या वेगाने व्हायला हवे. अशा संथ धावण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक वापरायला शिकते. हे सगळे महिनोन्महिने चालणारे काम आहे आणि घाई केल्याने ते लवकर होत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आठवड्याला शंभर मैल धावून घेत, आणि त्यांत केवळ आठशे मीटर धावणारा पीटर स्नेलसुद्धा सुटत नसे. त्यालाही डोंगराळ रस्त्यावरची बावीस मैलांची फेरी करावी लागे. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने आठशे मीटरचे आणि मरे हॅलबर्गने पाच हजार मीटरचे सुवर्ण मिळवले, आणि बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. शंभर मैल तुझ्या-माझ्या वयाला झेपणारे नाहीत, पण दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठीही जर इतका संथ पाया लागत असेल, तर तुला चार-साडेचार तास धावायचे आहे हे ध्यानात घे.

आता माझी फजिती ऐक. पहिल्या मॅरेथॉनला मी तुझ्यासारखाच तक्ता पाळून गेलो होतो. सी लिंकवर पहाटेचा वारा अंगावर आला, पाय हलके वाटले आणि मी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद पुढे धावू लागलो. बत्तीसाव्या किलोमीटरला सगळे संपले. दम लागला नव्हता, काही दुखतही नव्हते. पाय फक्त ऐकेनासे झाले. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ मी एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांच्या मागोमाग चालत चढलो, आणि तेसुद्धा माझ्या पुढे निघून गेले. यामागचे गणित साधे आहे. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, रूपाने सुमारे दोन हजार कॅलरी साठवलेल्या असतात, आणि धावताना किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक कॅलरी खर्च होते. तुझे वजन सत्तर किलो धरले तर ४२.१९५ किलोमीटरला जवळजवळ तीन हजार कॅलरी लागतील. उरलेली तूट चरबीने आणि वाटेत खाल्लेल्या अन्नाने भरून काढायची असते. वेग जितका जास्त, तितका चरबीचा वाटा कमी आणि ग्लायकोजेनचा जास्त. म्हणून सुरुवातीच्या घाईची किंमत तिसाव्या किलोमीटरनंतर वसूल होते.

वाटेत खाण्याचाही सराव करावा लागतो. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि धावताना पोटाला ती सवय नसेल तर मळमळते. मी खजूर आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा कमरेच्या पिशवीत ठेवतो. तू धावपटूंसाठी मिळणारे साखरेचे जेल वापरणार असशील तर अवश्य वापर, पण शर्यतीच्या दिवशी ते पहिल्यांदा तोंडात घालू नकोस.

घामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुण्यात राहून तुला याची कल्पना येणार नाही. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही. तो वाळला तर होते. डिसेंबरात पुण्याच्या कोरड्या हवेत घाम निघतो आणि उडून जातो, तुला तो दिसतही नाही. आमच्याकडे, आणि मुंबईतही, हवेतच इतका ओलावा असतो की घाम नुसता टिपकत राहतो आणि शरीराची उष्णता आतच कोंडते. अशा हवेला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. पुण्याहून आदल्या संध्याकाळी मुंबईत उतरणाऱ्याला हे मिळत नाही, तेव्हा त्याने वेग थोडा कमीच धरावा.

पाणी किती प्यावे यासाठी एक सोपी रीत आहे. तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन कर. जितके किलो घटले तितके लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असशील तर तेवढे मिळव. पण घटलेले सगळे धावतानाच भरून काढायचा अट्टहास नको. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शेवटच्या रेषेवर तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले, आणि त्यात धावून वजन वाढलेल्यांचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांचा, भरणा होता. तहान लागेल तसे प्यावे. शहाळ्याचे पाणी छान लागते, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, आणि घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. म्हणून आमच्या घरी धावून आल्यावर आमसुलाचे सरबत असते, साखर बेताची आणि मीठ सढळ हाताने. वहिनींना सांग, आमसुले मी पाठवतो आहे.

पुळणीबद्दल एक इशारा द्यायचा राहिला. पहिल्या वर्षी मी पुळणीवरून उत्तरेकडे धावत जात असे आणि येताना गावातल्या रस्त्याने परतत असे. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे डावा पाय कायम उताराच्या बाजूला. तीन महिन्यांत डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी खुपसल्यासारखी कळ येऊ लागली. मी बुटांना दोष दिला, नवे बूट घेतले, पुढे एका डॉक्टरांनी गुडघा झिजला असे सांगून धावणे कायमचे बंद करायला सांगितले. शेवटी आमच्या शेजारच्या खारवीण मावशींनी विचारले, ‘रोज एकाच अंगान् का धावतंस?’ तेव्हापासून पुळणीनेच जातो आणि पुळणीनेच परत येतो, आणि गुडघा मुकाट्याने काम करतो. तुझ्या रस्त्यांनाही कडेला उतार असतो. एकाच बाजूने धावत असशील तर हे तपासून पाहा.

डोंगरवाटेच्या शर्यतीसाठी किलोमीटर मोजणे सोडून दे आणि पायांवर किती तास काढलेस ते मोज. मी सड्यावरून अंजनवेलच्या गोपाळगडापर्यंत जातो तेव्हा रस्त्यावरच्या दीडपट वेळ लागतो. जांभ्याचा कातळ वरून सपाट दिसतो, पण तो भोकाभोकांचा असतो, एकही पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही, आणि बुटांचे तळ तो कानशीसारखे घासून काढतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, तेव्हा तिकडे मी फिरकतही नाही. तीव्र चढ चालतच चढावा, हात मांड्यांवर टेकून. त्यात कमीपणा नाही, डोंगरात उत्तम धावणारेही तेच करतात. खरी परीक्षा उताराची असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यामुळे त्याचे तंतू फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे तेवढ्याच उताराला बराचसा दाद देत नाही, म्हणून उताराचा सराव थोडा थोडा आधीपासून व्हायला हवा. तो कसा करावा हे मला पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या गाववाटेने, शिकवले. डोक्यावर गवताचा भारा घेऊन जांभ्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या बायकांकडे पाहा: पावले आखूड आणि झटपट, गुडघे किंचित वाकलेले, टाच कुठेही आपटत नाही, नजर तीन पायऱ्या पुढे. आपण मात्र घाबरून मागे झुकतो, टाचेवर ब्रेक लावतो आणि मग गुडघ्यांच्या नावाने ओरडतो. सिंहगडाची पायवाट तुझ्या उशाला आहे. आठवड्यातून एकदा जा, आणि चढण्याचा वेळ इतरांना सांगण्याऐवजी उतरण्याकडे लक्ष दे.

बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे नाव तू ऐकले असशील. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, आणि त्या वर्षीचे अंतर तर आजच्यापेक्षाही जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते की हाताशी तक्ता नव्हता, हे मी तुला टोमणा म्हणून लिहितो आहे असेच समज.

आता तुझ्याकडे अकरा आठवडे आहेत. लांबचे धावणे दर आठवड्याला दोन-अडीच किलोमीटरने वाढव, दर चौथ्या आठवड्यात कमी कर, आणि तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे सरावात जाऊ नकोस. शर्यतीच्या वेगाने धावायचे ते आठवड्यातून एकदाच, तेही मधले आठ-दहा किलोमीटर. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत आण. त्या दिवसांत तुला उगाच वाटेल की आपण सुस्तावलो, पाय जड झाले, आणि एखादे जादा धावणे उरकून घ्यावे. तसे वाटले की मला फोन कर, मी शिव्या घालीन.

सर्वांत लांबचे धावणे मात्र तू इथे येऊन करावेस असे मला वाटते. मार्गशीर्ष अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून तीन-चार दिवस पुळण सकाळी मोकळी मिळेल. निघताना काळोख असेल, म्हणून डोक्याला लावायचा दिवा आण. खालचा पाट या वस्तीतली कुत्री अनोळखी माणसामागे लागतात, तेवढ्या टप्प्यात माझ्या बाजूने चाल. पुळणीच्या अडीच फेऱ्या होतील, म्हणजे तीस किलोमीटर. दोघांनी मिळून मोठ्याने पाऊणकी म्हणायची, आणि सात पाऊणशी जो अडखळेल त्याने संध्याकाळचे मासे आणायचे. रात्रीच्या गाडीने येत असशील तर आधी कळव, स्टँडवर मी येईन. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बापू