ठाण्याच्या दारासाठी मेझुझा

जेरुसलेम

ती. आई-बाबांना शालोम आणि नमस्कार.

सोबत मेझुझा पाठवतोय, तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या उताऱ्याची दाराच्या चौकटीवर लावायची गुंडाळी. माझ्या हातची, आणि दुसऱ्या जाणकाराने अक्षर न् अक्षर तपासलेली.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, छापील स्वस्तात मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? छापील चालतच नाही. त्या उताऱ्यातच आज्ञा आहे की हे शब्द दाराच्या चौकटीवर लिहा. म्हणून ते हातानेच लिहायचे, तेही कोशेर, म्हणजे आपल्या धर्मात खायला चालणाऱ्या जनावराच्या कातड्यावर. अक्षरं ७१३, ओळी २२. आधी बोथट टोकाने, शाईशिवाय रेघा ओढायच्या. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते ना, तशीच ही अक्षरंही रेघेखाली टांगायची. शब्द आधी तोंडाने म्हणायचा, मग लिहायचा. देवाचं नाव आलं की थांबून, हे त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितोय, असं म्हणायचं. एकदा लिहिलेलं ते नाव खोडता येत नाही.

तोराच्या ३,०४,८०५ अक्षरांतलं एखादं राहिलं तर नंतर भरता येतं. मेझुझात तशी सोय नाही. पुढचं लिहून झाल्यावर मागचं अक्षर राहिलेलं दिसलं, की तुकडाच बाद. कठोर वाटतं, पण मला ही अट मनापासून पटते. घाई करताच येत नाही.

आई, शाईत काय असतं माहितेय? मायफळ! बाळगुटीत उगाळायचीस तेच. शिवाय डिंक आणि हिराकस. हळूहळू काळीभोर होते.

वाव हे हिब्रू अक्षर आखूड पडलं की योद हे दुसरं अक्षर वाटतं. अशी शंका आली की नुकतीच अक्षरओळख झालेल्या पोराला बोलावतात. फार हुशार नको, मठ्ठही नको. हुशार पोर अर्थावरून ओळखतं. आम्हाला हवं असतं नुसतं डोळ्यांना दिसलेलं. त्याने वाव म्हटलं तर वाव.

आत येताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या तळाशी लावायची. साधारण खांद्याइतकी उंची येते, तेव्हा बाबा, स्टुलावर चढू नका. ब्राखा, म्हणजे लावतानाची प्रार्थना, तुम्हीच म्हणा. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच डबीत घाला. सात वर्षांत दोनदा तपासायची असते, ते मी आलो की बघेन. जुनी मात्र टाकू नका, सिनेगॉगमध्ये नेऊन द्या.

आई, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुमचा,
शिमोन