कामा हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई एडिंबरात भेटल्या

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला घेतलं की बाबा मध्येच थंडी किती आहे ते विचारतात आणि गोष्ट अर्धवट राहते, म्हणून लिहिते आहे.

शनिवारी इथल्या बायकांच्या इतिहासाची पायी सफर केली. गाइडबाई साठीच्या पुढच्या, पण चढावर धापा आम्हीच टाकत होतो. सुरुवात किल्ल्यापुढच्या पटांगणात. तिथे भिंतीत १८९४चं एक छोटं कारंजं आहे, त्यावर फॉक्सग्लव्हचं झाड आणि वेटोळं घातलेला साप. चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांची ही आठवण. १५६३ ते १७३६ इथे चेटकाविरुद्ध कायदा होता. सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाले, त्यात बहुतेक बायकाच. कारंज्याकडे पाठ करून लोक किल्ल्याचे फोटो काढत होते. मग हाय स्ट्रीटवर डॉ. एल्सी इंग्लिसची गोष्ट. जन्म आपल्या नैनितालचा! १९१४मध्ये युद्धावर महिला डॉक्टरांचं पथक न्यायला निघाली, तर युद्धखात्याने सांगितलं, घरी जाऊन गप्प बसा. बाई सर्बियात पोचली.

पण मला सांगायचंय ते सर्जन्स हॉलचं, म्हणजे इथल्या सर्जन लोकांच्या कॉलेजच्या इमारतीचं. १८६९मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्या मिळून सातजणी, इथल्या विद्यापीठात डॉक्टरी शिकायला लागल्या. १८ नोव्हेंबर १८७०ला त्यांचा शरीररचनेचा पेपर. दारात दोनेकशे लोकांचा घोळका, अंगावर चिखल, शिव्या, आणि फाटक तोंडावर बंद. एका मुलाने आतून दार उघडलं म्हणून त्या आत गेल्या. पेपर सुरू असताना टारगटांनी कॉलेजची पाळलेली मेंढी वर्गात ढकलली. सर म्हणाले, राहू दे तिला, पाठवणाऱ्यांपेक्षा तिला अक्कल जास्त आहे.

त्या सातांत एक होती एडिथ पीची. रसायनशास्त्रात पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांत ती पहिली आली. होप शिष्यवृत्ती तिची, पण दिली खालच्या नंबरच्या मुलाला. का, तर बायकांचा वर्ग वेगळा भरतो. आणि तो वेगळा भरवायचा नियम कुणाचा? विद्यापीठाचाच! पदवी शेवटपर्यंत दिली नाही ती नाहीच. पीचीने स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला जाऊन एम.डी. केलं.

आई, आता नीट वाच. हीच बाई १८८३च्या अखेरीस मुंबईला आली आणि १८८६मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं तेव्हा तिथली प्रमुख डॉक्टर झाली. म्हणजे तुझा जन्म जिथला, ते कामा! गाइडबाईंनी 'बॉम्बे' एवढंच म्हटलं. मी मध्येच हात वर करून रखमाबाईंचं सांगायला लागले. लहानपणी लग्न लावून दिलं, मोठी झाल्यावर नांदायला जायचं नाकारलं. १८८७मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तर म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि पाठबळ देणाऱ्यांत पीचीबाई होत्या. लंडनच्या ज्या कॉलेजात रखमाबाई शिकल्या, ते १८७४मध्ये याच जेक्स-ब्लेकने उभं केलेलं. पुढे सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं त्यांनी इस्पितळं चालवली. गाइडबाईंनी नाव दोनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मी जरा भावच खाल्ला.

सातजणींना पदवी मिळाली २०१९मध्ये, मरणोत्तर. ती घ्यायला आताच्या विद्यार्थिनी व्यासपीठावर गेल्या. दीडशे वर्षं लागली, आणि विद्यापीठाने समारंभ केला! मला तरी जरा हसूच आलं.

एक काम कर. मावशीकडे जाताना सीएसएमटीला उतरशील, तेव्हा दहा मिनिटं काढून कामात डोकाव. पीचीबाईंचं नाव किंवा फोटो कुठे लावलाय का, वॉचमनला नाही, एखाद्या जुन्या सिस्टरना विचार. दिसलं तर फोटो पाठव, मी गाइडबाईंना ईमेल करीन, त्यांनी पत्ता दिलाय. बाबांना सांग, थंडी चार डिग्री.

तुझी,
मनू